संधिज्वर
संधिज्वर (ऱ्हुमॅटिक ताप) हा प्रामुख्याने ५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांना होणारा दाहजन्य रोग आहे. ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंमुळे घसा सुजल्यानंतर साधारणतः २ ते ४ आठवड्यांनी तो उद्भवतो. जीवाणूंविरुद्धची प्रतिकारक्रिया शरीराच्या साधर्म्य असलेल्या ऊतींवरही उलटते.

लक्षणे व निदान: ताप, एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात सरकणारी वेदनायुक्त सूज, त्वचेवर कडा उठून दिसणारे चट्टे, त्वचेखालील गाठी, हृदयदाह आणि हातापायांच्या अनैच्छिक हालचाली (सिडनहॅम कोरिया) ही प्रमुख लक्षणे होत. निदानासाठी टी. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये मांडलेले व पुढे सुधारलेले निकष वापरतात.

परिणाम: सांध्यांची सूज सहसा व्यंग न ठेवता ओसरते, हृदयाच्या झडपांची, विशेषतः द्विदल झडपेची, हानी मात्र कायम राहू शकते. रोग उलटल्यास ती वाढते.

उपचार व प्रतिबंध: घसादुखीच्या प्रारंभापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केल्यास हा रोग बहुधा टळतो. रोग होऊन गेलेल्या मुलांना दर ३ ते ४ आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे देतात. मूल बरे दिसू लागले तरी ते थांबवणे धोक्याचे ठरते.