सायकलवरून सिंगापूर

दक्षिण थायलंडातून बॉर्डर ओलांडून मलेशियात उतरणारी गाईडेड सायकल टूर मी केली. चार दिवस, सामान व्हॅनमध्ये, पासपोर्टवर शिक्का, शहाळ्याचं पाणी. मजा आली. पण मंडळी, या रस्त्यावरची सर्वात गाजलेली सायकल सफर वेगळीच आहे.

८ डिसेंबर १९४१ ला जपानी फौजा थायलंडात सोंगखलाला उतरल्या आणि सरहद्दीपलीकडे ब्रिटिश मलायात घुसल्या. रणगाडे होतेच, पण हजारो शिपाई चक्क सायकलींवर! ब्रिटिशांनी पूल उडवला की हे सायकल खांद्यावर टाकून नदीत उतरायचे. टायर गेले तर नुसत्या रिमवर हाणायचे. जपानी सायकली मलायात आधीपासूनच विकल्या जात, त्यामुळे स्पेअर पार्ट तिथेच मिळायचे. आमच्या भाषेत, लोकल सपोर्ट! १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. जेमतेम ७० दिवस.

आणि समोर कोण होतं? बॉर्डरजवळ जित्राला ११ वी इंडियन डिव्हिजन. पंजाबी, गुरखे, म्हणजे बरीचशी आपल्याकडचीच पोरं. मलायात ब्रिटिशांकडे तेव्हा एकही रणगाडा नव्हता. दोन दिवसांत फळी कोसळली. तिथून जपान्यांच्या हाती लागलेल्या कॅप्टन मोहन सिंगांनीच पुढे १९४२ मध्ये पहिली आझाद हिंद सेना उभारली.

आपण ती गोष्ट सुभाषबाबूंपासून सुरू करतो. तिचं पहिलं पान मात्र जित्राला आहे. कधी त्या बाजूला गेलात तर नुसते पेडल मारत पुढे जाऊ नका, दहा मिनिटं थांबा.