चांद्याच्या राजांचा राग आणि राणी हिराईचा विवेक

चांद्याचा परकोट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जटपुरा वेशीवरचे ते शिल्प आठवत असेल. सिंहाने हत्तीला खाली दाबून धरले आहे. हे चांद्याच्या गोंड राजांचे राजचिन्ह. पठाणपुरा, बिनबा, अचलेश्वर, कोणत्याही वेशीकडे गेले तरी या घराण्याच्या पराक्रमाची आठवण होतेच. परंतु या राजांची कथा वाचू लागले म्हणजे ध्यानात येते, की हत्तीला लोळवणे त्यांना एक वेळ जमले; स्वतःचा राग आवरणे मात्र फार थोड्यांना जमले. ज्यांना जमले त्यांनी राज्य वाढवले, आणि ज्यांना जमले नाही त्यांनी ते घालवले.

ही कथा आपल्यापर्यंत आली ती बहुतांशी लोकांच्या तोंडून. मेजर लूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८६९ च्या जमाबंदी अहवालात ती नोंदवली, आणि पुढच्या लेखकांनी तिथूनच उचलली. त्यातल्या सनांवर इतिहासकारांचे एकमत नाही, म्हणून आरंभीच्या राजांच्या सनावळीच्या जंजाळात आपण शिरू नये हेच बरे. सणाच्या दिवशी तर नकोच.

आरंभ बल्लारपुरापासून करू. तिथला राजा खांडक्या बल्लाळशहा अंगभर गाठी आणि फोडांनी बेजार होता. शिकारीला गेला असता तहानेने व्याकूळ होऊन त्याने झरपट नदीच्या पात्रातल्या एका खळग्यातले पाणी प्यायले, तोंड धुतले, आणि त्या रात्री त्याला कित्येक वर्षांनी शांत झोप लागली. फोड ओसरलेले पाहून राणीने त्या जागेचा शोध घ्यायला लावला. पुढे तिथेच नवे नगर वसवावे हा सल्लाही तिचाच. दुखण्याने चिडचिडा झालेला नवरा आणि त्याच्या झोपेवरही लक्ष ठेवून असलेली बायको: चांदा शहराचा पाया हा असा घातला गेला. बायकोचे ऐकले म्हणून त्या राजाला कोणी हसले असेल तर त्याची नोंद नाही. शहर मात्र उभे राहिले.

पुढे हीरशहा झाला. त्याने रयतेला सांगितले, की जो जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव मिळेल, आणि जो तळे बांधील त्याला तळ्याखाली भिजणारी जमीन मिळेल. माणसाला स्वतःचे म्हणून काही हवे असते, एवढी साधी गोष्ट या राजाने ओळखली होती. आजही चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत धानाच्या बांध्यांच्या वर जुनी तळी दिसतात. (गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो अलीकडे, २६ ऑगस्ट १९८२ ला, त्यापूर्वी सारा मुलूख एकच होता.) अकबराच्या काळी 'आईन-इ-अकबरी'त या राज्याची नोंद झाली ती एक हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ अशी. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही तिथे उल्लेख आहे.

असे भरभराटीचे राज्य बीरशहाच्या हाती आले. बीरशहा शूर होता, यात शंका नाही. त्याची लेक देवगडच्या राजघराण्यातल्या दुर्गपालाला दिली होती. दुर्गपालाने तिचा अपमान केला. लेकीचा अपमान ऐकून ज्या बापाचे रक्त उसळत नाही, तो बाप कसला? बीरशहाने महाकालीपुढे शपथ घेतली, की दुर्गपालाचे शिर तुझ्या पायाशी आणून ठेवीन. सैन्य निघाले, लढाई झाली, पारडे फिरू लागले तेव्हा राजाने देवीचा धावा केला, आणि शपथ पुरी झाली. ते शिर देवीपुढे आले. त्याची खूण म्हणून महाकालीच्या देवळावर देवगडच्या दिशेला तोंड केलेले एक दगडी मस्तक बसवले, असे सांगतात.

ही कथा सांगणारे इथे थांबतात आणि देवीचा जयजयकार करतात. मला मात्र इथे त्या मुलीची आठवण होते. अपमान तिचा झाला होता. तो धुऊन निघाला तो तिचे कुंकू पुसून. बापाचा राग खोटा नव्हता, अन्यायही खरा होता. परंतु शपथ घेण्यापूर्वी 'बाई, तुला काय हवे?' एवढे विचारायला राजाला उसंत नव्हती. चारचौघांत शपथ घेतली की माघारीची वाट बंद होते, आणि मग निर्णय माणूस घेत नाही, शपथ घेते.

बीरशहाचा शेवटही रागातच झाला, पण तो दुसऱ्याच्या. हिरामण नावाचा एक रजपूत त्याच्या पदरी होता. त्याच्या तलवारीत काही दैवी करामत आहे असा लोकांत बोलबाला होता. राजा थट्टेने ती तलवार दाखव म्हणून त्याच्या मागे लागे आणि तो नकार देई. अखेर लग्नसोहळ्याच्या गर्दीत राजाने पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा हिरामणाचा तोल गेला. तलवार म्यानाबाहेर आली ती राजाच्या अंगावरच. समोरच्याचा चेहरा वाचता येत नसला, म्हणजे थट्टा कुठे संपते आणि अपमान कुठे सुरू होतो हे कळत नाही. राजाला ते प्राणाचे मोल देऊन कळले.

आता राणी हिराई. पती गेला, गादीला पुत्र नाही, दरबारात प्रत्येकाचा डोळा सिंहासनावर. अशा वेळी दुःखाने खचून राज्य वाऱ्यावर सोडणे सोपे, सूडाने पेटणे त्याहून सोपे. हिराईने चंदनखेड्याच्या भाऊबंदांतला रामशहा नावाचा मुलगा दत्तक घेतला, तो मोठा होईपर्यंत कारभार सांभाळला आणि त्याला राजा केले. मुलगा निवडताना तिने काय पाहिले असेल, ते त्याच्या पुढच्या वागणुकीवरून कळते. आणि दुःखाचे काय? दुःख तिने गिळले नाही. अचलेश्वराच्या देवळाशेजारी तिने पतीची समाधी बांधली. चांद्याच्या राजसमाधींत इतकी देखणी दुसरी नाही. महाकालीचे मंदिर बांधण्याचे श्रेयही तिलाच देतात. चैत्रात त्या मंदिरापाशी मराठवाड्यातून आणि तेलंगणातून यात्रेकरू लोटतात.

आजकाल या गुणाला भावनिक बुद्धिमत्ता असे भारदस्त नाव आहे. सालोव्ही आणि मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली त्यावर निबंध लिहिला आणि १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने तो शब्द घरोघर पोचवला. त्याच सुमारास, १९९४ साली, आंतोनिओ दामासिओ या मेंदूच्या वैद्याने एक विलक्षण गोष्ट लिहिली. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेला त्याचा एक रुग्ण बुद्धीने शाबूत होता. त्याला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, तर तो सुमारे अर्धा तास दोन्हींचे गुणदोष मोजत बसला, पण निवड काही होईना. भावना मेली की निर्णयही मरतो, हे ऐकून आपल्याकडच्या स्थितप्रज्ञतेच्या कोरड्या भाष्यकारांनी थोडा विचार करावा. हिराईला शोक होता म्हणूनच समाधी झाली. तो शोक तिने दरबारात बसू दिला नाही, एवढेच.

रामशहा शांत आणि प्रजेला प्रिय होता. चांद्याचा रामाळा तलाव त्याचेच नाव सांगतो. त्याच्या काळात नागपूरकर रघूजी भोसले चांद्याला आले. मुलूख घेण्याचा विचार मनात असलेले हे कसलेले सेनानी रामशहाला भेटून इतके भारावले, की लूट करण्याऐवजी त्याला देवासारखे मानून परतले, असे लूसी स्मिथ लिहितो. यात भाबडेपणाचा अंश धरला तरी एक गोष्ट उरते: रामशहाच्या हयातीत भोसल्यांनी चांदा घेतला नाही.

१७३५ च्या सुमारास रामशहा वारला आणि त्याचा मुलगा नीळकंठशहा गादीवर आला. बापाचा विश्वासू दिवाण महादजी वैद्य याला त्याने ठार करविले. प्रजेवर जुलूम केला, जुनी माणसे दुखावली. क्रूर राजाभोवती खरे बोलणारा कोणी राहत नाही. नीळकंठशहाभोवतीही राहिला नाही. रघूजी पुन्हा आले तेव्हा ज्या तटाला पिढ्यान्‌पिढ्या चिरे लागले होते, त्या तटावर तोफ डागण्याची फारशी वेळच आली नाही. आतल्याच माणसांनी वाट मोकळी केली. १७४९ च्या तहाने राज्याच्या वसुलातला दोन तृतीयांश वाटा भोसल्यांकडे गेला आणि १७५१ साली उरलेलेही गेले.

नीळकंठशहाला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले आणि तिथेच तो मेला. वर्धा नदीच्या काठावरचा तो किल्ला त्याच्याच पूर्वजाचा, त्या फोडांनी बेजार झालेल्या खांडक्या बल्लाळशहाचा.