विद्यार्थी-साहाय्य व वसतिगृहे

भिन्न जाती, धर्म, भाषा वा देश यांतून एका विद्याकेंद्रात आलेल्या विद्यार्थ्यांना तेथे टिकून शिक्षण पुरे करता यावे, म्हणून केलेली निवास, भोजन, अर्थसाहाय्य, मार्गदर्शन इत्यादींची व्यवस्था. पाश्चात्त्य विद्यापीठांत ही व्यवस्था प्रायः विद्यापीठाच्या प्रशासनातून वाढली. अमेरिकेत १९६० नंतर कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या आंदोलनांमुळे तिला स्वतंत्र कार्यालयांचे रूप आले. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमधील १९६८ चा दीर्घ संप हा त्यांतील एक ठळक टप्पा होय. महाराष्ट्रात मात्र हे कार्य विद्यापीठांच्या बाहेर व पुष्कळसे त्यांच्या आधी सुरू झाले. त्याचे मुख्य साधन वसतिगृह हे होते. त्यामुळे विद्यार्थी-साहाय्याचा इतिहास येथे बव्हंशी वसतिगृहांचा इतिहास ठरतो आणि त्याच्या मुळाशी एकच प्रश्न पुनःपुन्हा येतो : निरनिराळ्या समाजांच्या मुलांना वेगवेगळे ठेवावे की एकत्र ?

जुन्या व्यवस्थेत गरीब विद्यार्थ्याच्या जेवणाची सोय माधुकरीने किंवा वार लावून होत असे. आठवड्यातील प्रत्येक वारी एकेका घरी जेवण्याच्या या रूढीने पुण्यासारख्या शहरात अनेकांची शिक्षणे झाली. पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने (नंतरचे पुणे विद्यार्थी गृह) या विस्कळीत दातृत्वाला संस्थेचे रूप दिले. तथापि वार लावण्याची पद्धती पंक्तिव्यवहारावर आधारलेली होती. ज्याच्याशी पंक्तिव्यवहार नाही, त्याला वार मिळणे अशक्य होते. खेड्यातून आलेल्या कुणबी, मराठा, लिंगायत वा मुसलमान मुलाला शहरात शाळा असूनही राहण्याजेवण्याची सोय नसे. अस्पृश्य मानलेल्या मुलाला तर भाड्यानेही खोली मिळत नसे. शाळा सर्वांना खुली करण्याने हा अडथळा दूर होत नव्हता, ही गोष्ट त्या काळातील बहुतेक शिक्षणसुधारकांच्या ध्यानात फार उशिरा आली.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक होता. पंडिता रमाबाई यांचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले व पुढील वर्षी पुण्यास आले. तेथे मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते, या आक्षेपावरून १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले व अनेक पालकांनी मुली परत नेल्या. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा लोकांचा विश्वास टिकविण्याची दक्षता त्यांना प्रारंभापासूनच घ्यावी लागली. आरंभी तेथे केवळ ब्राह्मण विधवांनाच प्रवेश होता. शिक्षण घेणाऱ्याचे धर्म व आचार सुरक्षित राहतील, अशी खात्री नसेल तर समाज आपली मुले पाठवीत नाही, हा धडा या प्रकरणातून मिळाला. पुढील सामाजिक वसतिगृहांच्या मागेही हीच जाणीव होती.

कोल्हापूरचा प्रयोग : या बाबतीत सर्वांत व्यापक प्रयत्न राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी केला. प्रारंभी त्यांचा कल सर्वांसाठी एकच वसतिगृह असावे, असा होता. राजाराम महाविद्यालयाशी संलग्न असे वसतिगृह १८९६ मध्ये त्याच हेतूने निघाले. परंतु प्रत्यक्षात तेथे उच्चवर्णीय विद्यार्थ्यांचेच प्राबल्य राहिले. या अनुभवानंतर महाराजांनी धोरण बदलले आणि त्या त्या समाजाच्या पुढाकाराने स्वतंत्र वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग ही दोन्ही १९०१ मध्ये निघाली. त्यानंतर मुस्लिम बोर्डिंग (१९०६), लिंगायत बोर्डिंग (१९०७), अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह (१९०८), तसेच दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, वैश्य, ख्रिस्ती आदी समाजांची वसतिगृहे क्रमाने उभी राहिली. संस्थानने त्यांना जागा, इमारती, जमिनींचे उत्पन्न व वार्षिक अनुदाने दिली. व्यवस्था मात्र बहुशः त्या समाजाच्या मंडळींकडे राहू दिली. पुणे, नाशिक इ. संस्थानाबाहेरील ठिकाणच्या वसतिगृहांनाही महाराजांचे साहाय्य होते.

या धोरणावर जातिभेद दृढ केल्याचा आरोप तेव्हाही झाला आणि नंतरच्या लेखकांनीही तो केला आहे. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु एकत्र वसतिगृहाचा प्रयोग आधी करून, तो कोणाच्या पदरात पडतो हे पाहून मगच महाराज या मार्गाकडे वळले होते, ही गोष्ट आरोप करताना प्रायः विसरली जाते. शिवाय २६ जुलै १९०२ च्या आज्ञेने संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या होत्या. त्या भरण्याजोगे सुशिक्षित उमेदवार तयार होण्यासाठी वसतिगृहांखेरीज दुसरा जवळचा मार्ग नव्हता. समाजाच्या नावाने चाललेल्या वसतिगृहाला त्याच समाजातील व्यापारी, इनामदार, पाटील वर्गणी देत. मुलाला घरच्यासारखे अन्न व देवधर्म मिळे, त्यामुळे त्याला दूर पाठविण्यास घरचे तयार होत. स्वतंत्र वसतिगृहाचे हे लाभ खरे होते. त्याची मर्यादाही त्याच आवारात दिसून आली.

भाऊराव पाटील (१८८७–१९५९) हे कोल्हापुरात शिकत असताना जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यामुळे परतल्यावर त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे, असा आग्रह धरण्यात आला. तो त्यांनी मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. एका समाजाला आधार देणारी भिंत दुसऱ्या समाजाशी संबंध तोडते, याचा हा त्यांना आलेला प्रत्यक्ष अनुभव होता. त्यांच्या पुढील कार्याची दिशा यातून बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

सातारा व रयत शिक्षण संस्था : भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले (ता. कऱ्हाड) येथे स्थापन केली. साताऱ्यास १९२४ मध्ये त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. ज्या राजाने वेगळी वसतिगृहे काढली, त्याचे नाव एकत्र वसतिगृहाला द्यावे यात भाऊरावांना विसंगती वाटली नाही; महाराजांचा मूळ हेतू ते जाणून होते. येथे महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन मुले एका पंक्तीला जेवत. स्वयंपाक, पाणी भरणे, झाडलोट, शेतीकाम ही कामे मुलेच आळीपाळीने करीत. गावोगावी मूठमूठ धान्य गोळा करून कोठी भरली जाई. ती रिकामी झाली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने काढून दिले. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या बाईने सर्व जातींच्या मुलांचे संगोपन केले. त्यांचे १९३० मध्ये निधन झाले. संस्थेच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जात असले, तरी या वसतिगृहाच्या दैनंदिन चालण्यात त्यांचा वाटा किती मोठा होता, याची पुरेशी मांडणी झालेली नाही.

पुणे करारानंतर पुण्यातही भाऊरावांनी युनियन बोर्डिंग हाऊस काढले (१९३२). साताऱ्याचे शिवाजी महाविद्यालय १९४७ मध्ये स्थापन झाले. तेथे श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण देणाऱ्या ‘कमवा व शिका’ या कल्पनेला उच्च शिक्षणात स्थान मिळाले. सर्वांनी मिळून केलेल्या कामामुळे विद्यार्थ्याला साहाय्य घेताना ओशाळे वाटत नाही, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय. दान घेणाऱ्याची जात देणाऱ्याच्या लक्षात राहते; मजुरी घेणाऱ्याच्या बाबतीत तसे घडण्यास वाव कमी असतो.

अन्य प्रयत्न : विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये स्थापिलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनने मुंबई, पुणे इ. ठिकाणी शाळांबरोबर वसतिगृहे चालविली. बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे डॉ. भीमराव आंबेडकर यांनी १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाच्या (पुढील मिलिंद महाविद्यालय) परिसरात मराठवाड्यातील खेड्यांतून आलेली पहिली दलित पिढी शिकली. त्याच वातावरणातून दलित साहित्याच्या चळवळीला लेखक व वाचक मिळाले. तेथील प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांचे अस्मितादर्श हे नियतकालिक तिचे मुखपत्रच बनले. एका समाजाला प्राधान्याने स्थान देणारे आवार केवळ आसरा न राहता विचारांचे केंद्रही होऊ शकते, हे येथे दिसते.

पुण्यात विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. ग्रामीण विद्यार्थ्यांचा ओघ वाढला, पण महाविद्यालयांच्या वसतिगृहांतील जागा मर्यादित होत्या. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती निघाली. गरजू मुलांना जातपात न पाहता अल्प खर्चात निवास व भोजन देणे व त्यांच्याकडून श्रमाची अपेक्षा ठेवणे, हे तिचे धोरण राहिले. सातारचा विचार शहरात आणण्याचे श्रेय या समितीला द्यावे लागते.

पॅरिस विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनगरीची येथे तुलना करता येईल. तेथील पहिली इमारत १९२५ मध्ये खुली झाली. पुढे निरनिराळ्या देशांनी आपापली घरे बांधली. भारताचेही घर १९६० नंतरच्या दशकात उभे राहिले. मात्र प्रत्येक घरात काही जागा इतर देशांच्या विद्यार्थ्यांना देण्याचा दंडक तेथे आहे. कोल्हापूरची स्वतंत्र घरे आणि साताऱ्याची एकच पंगत यांमधला हा मार्ग महाराष्ट्रात पद्धतशीरपणे कोणी अवलंबिलेला दिसत नाही.

वाघोली : पुण्याच्या पूर्वेस अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) मार्गावरील हे गाव पेशवाईतील सरदार पिलाजीराव जाधवराव यांच्यामुळे व वाघेश्वराच्या देवालयामुळे परिचित होते. विद्यार्थी-साहाय्याच्या इतिहासात त्याचे नाव आले ते भूकंपामुळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप होऊन लातूर व उस्मानाबाद (सध्याचे धाराशिव) या जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने तेथील सु. १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली. त्यांच्यासाठी वाघोली येथे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभारण्यात आले. केंद्र एका धर्मसमाजाच्या संघटनेचे. परंतु प्रवेशाचा निकष जात वा धर्म नसून आपत्ती हा होता. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगपासून येथवरचा पल्ला लक्षणीय म्हटला पाहिजे.

भूकंपग्रस्त मुलांची पिढी शिकून बाहेर पडल्यावर केंद्र बंद न होता त्याचा उपयोग बदलला. मेळघाट व ठाणे भागांतील आदिवासी मुले, तसेच पुढे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुले येथे आणण्यात आली. मेळघाटातील कोरकू मुलांची मातृभाषा मुंडा भाषाकुलातील असून मराठीशी तिचे नाते नाही. अशा मुलाला मराठी शाळेत बसविले, की तो गणितात नव्हे तर आधी भाषेत मागे पडतो आणि ते मागे पडणे बुद्धीच्या खात्यावर जमा होते. घरापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या मुलाची भाषा, सण व अन्न यांचे काय होते, हा प्रश्न आश्रमशाळांप्रमाणे अशा केंद्रांनाही टाळता येत नाही. कोल्हापूरच्या वेगळ्या वसतिगृहांत तो उद्भवत नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

विद्यापीठीय व शासकीय व्यवस्था : पुणे विद्यापीठाने (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) ‘कमवा व शिका’ योजनेला कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव दिले आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय केंद्र असून भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या (स्थापना १९५०) शिष्यवृत्त्यांवरही अनेक जण येतात. इराण, अफगाणिस्तान, येमेन तसेच आफ्रिकेतील देशांच्या विद्यार्थ्यांमुळे पुण्याच्या काही भागांना वेगळा रंग आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक विनियमांनी भेदभावाच्या तक्रारींसाठी अधिकारी व समान संधी कक्ष यांची तरतूद केली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ अन्वये विद्यार्थी विकास मंडळ हे विद्यापीठाचे एक अंग ठरले.

याच २०१२ सालच्या ऑगस्टमध्ये आसामातील दंगलीनंतर पसरलेल्या अफवांमुळे बंगळूर व पुणे येथून ईशान्य भारतातील विद्यार्थी व कामगार मोठ्या संख्येने गावी परतू लागले. रेल्वेस्थानकावर जमलेल्या या मुलांना थांबवू शकेल असा परिचित माणूस त्यांच्या महाविद्यालयात बहुधा नव्हता. त्यांना नावाने ओळखणारा गृहप्रमुख नव्हता.

शासकीय वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना त्याच धर्तीची आहे. स्वाधार योजनेत पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी भोजनास ३२,००० रु., निवासास २०,००० रु. व निर्वाहास ८,००० रु. अशी वर्षाला एकूण ६०,००० रु. रक्कम ठरविण्यात आली. ती विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. या पद्धतीने इमारतींची वाट न पाहता अनेकांची सोय झाली, हे मान्य करावे लागेल. पण खोली शोधण्याचे काम पुन्हा विद्यार्थ्यावरच येऊन पडले आणि घरमालक आडनाव, आहार व धर्म विचारतो तेथे ही रक्कम उपयोगी पडत नाही. वार लावण्याच्या काळी असलेला अडथळा या ठिकाणी निराळ्या रूपात परत येतो.

एकविसाव्या शतकात वाघोलीत अभियांत्रिकी व व्यवस्थापन शिक्षणाच्या खाजगी संस्था वाढल्या आणि बाहेरच्या जिल्ह्यांतील व राज्यांतील विद्यार्थी तेथे येऊ लागले. महाविद्यालयांची वसतिगृहे अपुरी असल्याने पुष्कळ जण कॉट बेसिसवर किंवा तिघाचौघांत भाड्याने घर घेऊन राहतात व खाणावळीत जेवतात. २०२१ मध्ये वाघोलीचा समावेश पुणे महानगरपालिकेत झाला. तोपर्यंत या वस्तीचा कारभार ग्रामपंचायतीकडे होता.