उसना श्वास

माणूस आहे की गेला हे पाहण्यासाठी नाकाशी सूत धरण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. सूत हलले तर आहे, न हलले तर गेला. वैद्यांची कसोटीही शतकानुशतके याहून फारशी निराळी नव्हती. श्वास थांबला की त्यांचे काम संपे आणि इतरांचे सुरू होई. ही कसोटी १९५२ साली डेन्मार्कच्या राजधानीत मोडली. आणि ती एखाद्या नव्या यंत्राने नव्हे, तर विद्यार्थ्यांच्या हातांनी मोडली.

ब्लेगडाम हे कोपनहेगनमधील सांसर्गिक रोगांचे रुग्णालय. त्या वर्षीच्या जुलैपासून तेथे पोलिओचे रुग्ण येऊ लागले. साथ भरात आली तेव्हा दिवसाला पन्नासपर्यंत रुग्ण येत, त्यांत मुलेच फार. या साथीत पुष्कळांचे नुसते हातपाय लुळे न पडता छातीचे आणि घशाचे स्नायूही निकामी होत. गिळता येईना, खोकता येईना. स्वतःच्याच लाळेत बुडावे तशी ती मुले गुदमरत. रुग्णालयाजवळ साधने होती ती एवढीच : ज्याला लोखंडी फुफ्फुस म्हणतात ती एक पेटी आणि छातीवर चढवायची सहा कवचे. ऑगस्टच्या अखेरीस असे ३१ रुग्ण झाले होते आणि त्यांतले २७ दगावले होते. रुग्णालयाचे प्रमुख लासेन हे अनुभवी वैद्य. पण त्यांच्यापाशीही आता इलाज उरला नव्हता.

एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून त्यांनी ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावले. भूल देणाऱ्याला शस्त्रक्रियागृहाबाहेर कोणी विचारावे असा तो काळ नव्हता. इब्सेन बॉस्टनला हेन्री बीचर यांच्या विभागात शिकून आले होते. त्यांनी दगावलेल्यांचे कागद पाहिले, फुफ्फुसे पाहिली आणि विचारले की फुफ्फुसे इतकी शाबूत असताना माणसे मेली कशी? मृतांच्या रक्तात कर्बवायूचा संचय फार आढळला होता. रक्तातील क्षार काही गूढ कारणाने वाढतात, असा त्याचा अर्थ तेथे लावला जात असे. इब्सेन म्हणाले, गूढ काही नाही. श्वास अपुरा पडतो म्हणून कर्बवायू बाहेर जात नाही आणि साठत राहतो. पुढे पोउल आस्ट्रुप यांच्या प्रयोगशाळेने रक्ताची आम्लता मोजून हेच खरे असल्याचे दाखविले.

२७ ऑगस्टला बारा वर्षांची एक मुलगी त्यांच्या स्वाधीन करण्यात आली. ती निळी पडली होती. गळ्याला छेद घेऊन श्वासनलिकेत नळी बसविली, पण मुलगी धडपडू लागली आणि हवा आत जाईना. पाहायला जमलेल्यांपैकी काही जण, आता आशा नाही असे समजून, बाहेर पडले. तेव्हा इब्सेननी तिला गुंगीचे औषध दिले. तिचा स्वतःचा श्वास थांबला आणि त्याबरोबर धडपडही थांबली. मग नळीला जोडलेली रबरी पिशवी ते हाताने दाबीत आणि सोडीत राहिले. छाती वर येऊ लागली, रंग पालटला. ती मुलगी जगली. स्वतःचा श्वास मात्र तिला पुरेसा परत मिळाला नाही. पुढे घरी परतल्यावरही ती यंत्राच्याच आधाराने राहिली आणि १९७१ साली वारली.

उपाय सापडला, पण पिशवी दाबणार कोण? एकाच वेळी सत्तरपर्यंत रुग्णांना चोवीस तास हा श्वास पुरवायचा होता. विद्यापीठातील वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना बोलावण्यात आले. पाळ्या लावून सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी साथ संपेपर्यंत मिळून १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. मुलांना ते गोष्टी वाचून दाखवीत, बोलता न येणाऱ्यांचे डोळे आणि ओठ वाचायला शिकत. नव्वदीच्या घरात गेलेले मृत्यूचे शेकडा प्रमाण चाळिसापर्यंत आणि नंतर त्याहूनही खाली आले. ज्यांना आपण आज अतिदक्षता विभाग म्हणतो त्यांचा वंश या पिशव्यांपाशी सुरू होतो.

या यशाच्या पोटातच दुसरी एक गोष्ट होती. रुग्णांना झोप लागावी म्हणून रात्री दिवे मंद ठेवीत. पिशवी दाबणाऱ्या हाताला रुग्ण जिवंत आहे की नाही हे कळत नसे, कारण फुफ्फुस दोन्ही अवस्थांत सारखेच फुगते. सकाळी उजाडल्यावर विद्यार्थ्याला दिसे की आपण केव्हापासून तरी प्रेताला श्वास देत आहोत. विशी-बाविशीतल्या त्या मुलांच्या आठवणींत हा धक्का पुढे अनेक वर्षे राहिला. सूत हलत होते आणि माणूस गेलेला होता.

साथ ओसरली, पाठोपाठ न थकणारी यंत्रे आली आणि हा प्रश्न साऱ्या जगाचा झाला. १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांनी तो पोप बारावे पायस यांना विचारला. त्यांचे उत्तर असे की आशा नसताना असामान्य उपाय चालू ठेवण्याचे बंधन वैद्यावर नाही, आणि मृत्यूचा क्षण ठरविणे हे धर्मपीठाचे काम नव्हे. १९५९ मध्ये पॅरिसच्या मोलारे आणि गूलाँ यांनी अशा २३ रुग्णांचे वर्णन केले की ज्यांचा मेंदू कायमचा संपला होता आणि हृदय मात्र यंत्राच्या श्वासावर चालू होते. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूची लक्षणे ठरविली. समितीचे अध्यक्ष होते तेच बीचर. नवी व्याख्या कशाला, तर रुग्ण, नातलग आणि रुग्णालये यांच्यावरचा भार हलका व्हावा म्हणून, आणि अवयवरोपणातील वाद मिटावेत म्हणून. पहिले कारण कोणालाही पटावे. दुसरे कारण त्याच कागदावर आल्याने संशयाला जी जागा मिळाली ती अजून पुरती बुजलेली नाही.

इब्सेन यांच्याही वाट्याला हा वाद आला. १९७४ मध्ये डॅनिश नभोवाणीवरील एका मुलाखतीत, आशा उरली नसेल तेथे उपचार थांबवून रुग्णाला मरू दिले जाते, असे ते उघडपणे बोलले आणि मोठे काहूर उठले. त्यांनी सांगितले ते अनेक विभागांतले वैद्य जाणत होते. ते सर्वांनी ऐकले, एवढेच नवे होते.

भारतात मेंदूच्या मृत्यूला कायद्याची मान्यता १९९४ च्या अवयवरोपण अधिनियमाने दिली. राज्यांपैकी तो प्रथम महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या तिघांना लागू झाला. ज्यांचा मेंदू मेलेला नाही, पण परतण्याची आशाही नाही, त्यांचा प्रश्न त्याने सुटला नाही. त्यांच्यासाठी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की शुद्धीत असतानाच माणसाला आपली इच्छा लिहून ठेवता येईल. पण त्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी होती आणि मार्ग इतका लांबचा होता की त्यावरून जाणारे थोडेच निघाले. २०२३ मध्ये न्यायालयाने तो सोपा केला. वैद्यांच्या दोन मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, आणि कागद दोन साक्षीदारांदेखत होऊन त्यावर नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष असावी. उत्पन्नाचे दाखले आणि गुणपत्रिकांच्या नकला साक्षांकित करणाऱ्या टेबलावर आता हाही कागद येऊ शकतो. अधिकाऱ्याने पाहायचे ते एवढेच की सही करणाऱ्याने ती आपखुशीने आणि समजून केली आहे.