रूप आणि धार : बीएमडब्ल्यू ५०७ विरुद्ध मर्सिडीज ३०० एसएल

मोटारींचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण इंजिनाकडे पाहतात, नाहीतर शर्यतींच्या निकालांकडे. हिशेबाच्या वह्या सहसा कोणी उघडत नाही. पण बीएमडब्ल्यू ५०७ आणि मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल यांची तुलना करायची, तर सुरुवात दुकानातून करावी लागते. या दोन्ही गाड्यांमागे तगादा होता तो एकाच व्यापाऱ्याचा.

मॅक्स हॉफमन मूळचा व्हिएन्नाचा. नाझींच्या काळात युरोप सोडून तो न्यूयॉर्कला गेला आणि युद्धानंतर तिथे युरोपीय गाड्यांचा बडा आयातदार झाला. कुठली गाडी अमेरिकेत खपेल, हे त्याला नेमके कळत असे. १९५२ साली मर्सिडीजच्या शर्यतीच्या ३०० एसएलने ल मांची चोवीस तासांची शर्यत आणि मेक्सिकोतली कारेरा पानामेरिकाना जिंकली. हीच गाडी रस्त्यासाठी करून द्या, असा लकडा हॉफमनने लावला. फेब्रुवारी १९५४मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती उभी राहिली.

तिचे वर उघडणारे दरवाजे आज दागिन्यासारखे मिरवले जातात, पण त्यांचा जन्म अडचणीतून झाला. रुडॉल्फ उलेनहाउट यांच्या चमूने हलकेपणासाठी बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा रचला होता. मजबुतीसाठी तो दोन्ही बाजूंनी उंच ठेवावा लागला, आणि नेहमीच्या दरवाजांना जागाच उरली नाही. म्हणून ते छपराला टांगले. सहा सिलिंडरचे तीन लिटर इंजिन बॉनेट खाली राहावे म्हणून आडवे कलते बसवले होते. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाई आणि ताकद सुमारे २१५ अश्वशक्ती मिळे. या गाडीचे सौंदर्य असे गरजेतून घडत गेले.

हॉफमनला मग दुसरी पोकळी दिसली. एकीकडे स्वस्त ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या, दुसरीकडे महागडी ३०० एसएल. मधल्या जागेसाठी सुमारे पाच हजार डॉलरची देखणी गाडी त्याला बीएमडब्ल्यूकडून हवी होती. कंपनीने आधी केलेले रेखाटन त्याला पसंत पडले नाही. न्यूयॉर्कमध्ये काम करणारे जर्मन रचनाकार आल्ब्रेख्त फॉन गोएर्त्झ यांचे नाव त्याने पुढे केले. त्यांनी काढलेली ५०७ ही १९५५मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात लोकांनी प्रथम पाहिली. लांब बॉनेट, कमरेशी किंचित झुकलेली रेषा, आडवी पसरलेली जाळी. आजही तिच्यातली एखादी रेषा काढून टाकावी असे वाटत नाही.

आता तराजू हातात घेऊ. ५०७ला अ‍ॅल्युमिनियमचे ३.२ लिटर व्ही-८ इंजिन होते, ताकद १५० अश्वशक्ती. निव्वळ वेगात ती ३०० एसएलच्या मागेच राहणार. पण लांबचा प्रवास हाही गाडीचा एक धर्म आहे. ३०० एसएलच्या काचा खाली होत नसत, काढून ठेवाव्या लागत. आत उकाडा होई. बसताना स्टिअरिंग चाक खाली वळवावे लागे. मागच्या आसाच्या रचनेमुळे वळणावर अचानक पाय उचलला तर गाडीचा मागचा भाग सटकण्याची भीती असे. तिच्या धारेची किंमत चालवणाऱ्याला मोजावी लागत होती. ५०७ची किंमत मात्र कारखान्याने मोजली.

तिचे पत्रे हाताने ठोकून घडवले जात. एका गाडीचे टणक छप्पर दुसरीला नीट बसेलच असे नव्हते. पाच हजार डॉलरची गाडी त्याच्या जवळपास दुपटीला गेली. हजारोंनी खपेल अशी अपेक्षा होती. १९५९पर्यंत जेमतेम अडीचशे तयार झाल्या. एल्विस प्रेस्लीने जर्मनीत लष्करी सेवेत असताना ५०७ घेतली, त्याने नाव झाले, नफा झाला नाही. बीएमडब्ल्यूसाठी हा सगळा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला.

याचे परिणाम गंभीर होते. ९ डिसेंबर १९५९ रोजी म्युनिकला भागधारकांची सभा भरली. कंपनी डाइम्लर-बेंझच्या, म्हणजे ३०० एसएल बनवणाऱ्यांच्याच, ताब्यात द्यावी असा प्रस्ताव समोर होता. छोटे भागधारक, विक्रेते आणि कामगार विरोधात उभे राहिले. वकील फ्रीडरिश मातेर्न यांनी ताळेबंदावर आक्षेप घेऊन सभा तहकूब करवली आणि प्रस्ताव बारगळला. पुढे हर्बर्ट क्वांट यांनी आपला पैसा घातला आणि कंपनी स्वतंत्र राहिली.

यावरून ‘सौंदर्याने कंपनी बुडवली’ असा निष्कर्ष काढला जातो. तो मला पटत नाही. एक तर हे दुखणे एकट्या ५०७चे नव्हते. कंपनीच्या मोठ्या आलिशान गाड्याही तोट्यातच होत्या. दुसरे, दोन्ही गाड्यांची इंजिने आपापल्या कंपनीच्या मोठ्या सेदानमधूनच आलेली. तिथे मर्सिडीजला वेगळी सवलत नव्हती. आणि ३०० एसएलही काही स्वस्त नव्हती. बंद आणि उघडी धरून ती सुमारे ३,२५० बनली. फरक पडला तो तिच्या शेजारी असलेल्या गाडीने. न्यूयॉर्कच्या त्याच प्रदर्शनात मर्सिडीजने १९० एसएल मांडली होती: तशाच तोंडवळ्याची, साध्या इंजिनाची, परवडणारी. ती पंचवीस हजारांहून अधिक बनली. ३०० एसएल पाहून दुकानात शिरलेल्याला घेण्याजोगे काही होते. ५०७ पाहून आलेल्याला बीएमडब्ल्यूकडे एकीकडे अवजड सेदान, दुसरीकडे चिमुकली इसेटा. ही मधली पोकळी १९६१मध्ये दाखवलेल्या १५०० या मॉडेलने भरली आणि तिथून कंपनीचे दिवस पालटले.

मग श्रेष्ठ कोणती? यंत्रविद्येच्या इतिहासात ३०० एसएल, यात वाद नाही. पण दुचाकी आणि चारचाकी या दोन्ही शर्यतींत जगज्जेता ठरलेला एकमेव माणूस, जॉन सर्टीस, याने १९५७ साली नवी कोरी ५०७ घेतली. आयुष्यभर धारदार गाड्या हाकणाऱ्या या माणसाने ती २०१७ साली मृत्यू येईपर्यंत, साठ वर्षे, स्वतःजवळ ठेवली.