तळटीप : ‘स्वतःची लिंगओळख’
* न्यायालयीन लढ्यानंतर कर्नाटकाने २०२१मध्ये सरकारी नोकऱ्यांत पारलिंगी व्यक्तींसाठी १ टक्का आरक्षण ठेवले. पण ‘मी सांगतो तीच माझी ओळख’ हे तत्त्व नागरी हक्कांसाठी मानणे वेगळे आणि त्याच आधारावर अल्पवयीनांना औषधे देणे वेगळे. इंग्लंडमधील कॅस अहवालाने (२०२४) वयात येणे रोखणाऱ्या औषधांचा पुरावा दुबळा ठरवला. अशा टीकेमुळे हक्कांवर गदा येईल, हा आक्षेप पोकळ नाही. कर्नाटक पोलीस कायद्याच्या ३६-अ कलमाने २०११मध्ये हिजड्यांच्या नोंदवहीची तरतूद केलीच होती. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये ओळखीसाठी शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. हक्क उपचारांवर अवलंबून नसेल, तर उपचारांचा पुरावा मागितल्याने तो कमी होत नाही.