पोकर : कॅसिनोतील खेळ
ब्लॅकजॅक किंवा रूलेटमध्ये लढत कॅसिनोशी असते, पोकरमध्ये टेबलावरच्या इतर खेळाडूंशी. लास व्हेगास असो वा पणजीत मांडवीवर नांगरलेली कॅसिनोची जहाजे, डीलर पत्ते वाटतो, स्वतः डाव खेळत नाही. पैज लावताना चिप्स एकाच हालचालीत पुढे साराव्या लागतात. थोड्या ठेवून पुन्हा भर घातली, तर डीलर ती वाढ सहसा अमान्य करतो. कॅसिनोची कमाई ‘रेक’मधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतल्या कपातीतून होते. नवख्याने बसण्यापूर्वी तिचा दर विचारावाच. पोकर निव्वळ नशिबाचा, हा आक्षेप एका डावापुरता खरा: टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात दोन एक्के हाती असूनही एका प्रतिस्पर्ध्याच्या यादृच्छिक हाताविरुद्ध सरासरीने शंभरातले सुमारे पंधरा डाव जातात. हजारो डावांत मात्र निर्णयांचा फरक दिसू लागतो. तरीही सारख्या कसबाचे खेळाडू जमले, तर रेकमुळे सरासरीने सगळेच हरतात.